आधी रूळ, मग नकाशा

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन मोठी गावे आहेत. उत्तरेला अचलपूरकडचे चांदूर बाजार आणि पूर्वेला मुंबई–नागपूर लोहमार्गावरचे चांदूर रेल्वे. एकाची ओळख बाजाराने दिली, दुसऱ्याची स्टेशनाने. दुसऱ्या चांदुरात आज तालुक्याची कचेरी आहे, उपविभागीय अधिकारी बसतात, नगर परिषद आहे. तिथली एखादी मुलगी बारावीनंतर ‘मला नगररचनेत जायचंय’ म्हणाली, तर घरचे आधी विचारतात, ‘म्हणजे इंजिनियर की आर्किटेक्ट?’ प्रश्न चुकीचा नाही. हा धंदा आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी आला तेव्हाही तो नेमका कोणाचा, हे ठरलेले नव्हते.

इंग्रजी अमलातल्या वऱ्हाडात तर शहराची आखणी करणारे पहिले लोक स्वतःला नगररचनाकार म्हणवतच नव्हते. ते रेल्वेचे इंजिनियर होते.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. पुढच्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडून मँचेस्टरला जाणारा कापूस अडला आणि साऱ्यांच्या नजरा वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळल्या. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची भुसावळहून नागपूरकडे निघालेली शाखा अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, चांदूर, धामणगाव, पुलगाव असे टप्पे घेत २० फेब्रुवारी १८६७ रोजी नागपूरला पोहोचली. ज्या युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता ते तोवर संपले होते. पण रूळ पडले होते, आणि रूळ काही उचलून परत नेता येत नाहीत.

या इंजिनियरांनी गावे पाहून मार्ग आखला नाही. त्यांनी चढ पाहिला, नदी ओलांडायची जागा पाहिली, इंजिनाला पाणी कुठे मिळेल ते पाहिले. त्याचा सर्वांत ठसठशीत पुरावा म्हणजे अमरावती. वऱ्हाडातली कापसाची सर्वांत मोठी पेठ, पण मुख्य मार्ग तिला वगळून सहा मैलांवरच्या बडनेऱ्यावरून गेला. अमरावतीला १८७१ मध्ये बडनेऱ्याहून एक छोटा फाटा मिळाला. खामगावचेही तेच झाले. तिथला फाटा १८७० मध्ये सुरू झाला आणि त्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आले होते. जुन्या नामवंत पेठांना फाट्यावर भागवावे लागले आणि चांदूर, धामणगाव यांच्यासारख्या गावांच्या दारात मुख्य मार्ग आपसूक येऊन उभा राहिला. कास्तकाराची बंडी कोणत्या गावाकडे वळणार हे एका रेघेने ठरवले. त्या रेघेवर हरकत घ्यायची सोय कोणाला नव्हती.

त्यानंतर वऱ्हाडातल्या रेल्वेगावांचा एक साचाच तयार झाला. रुळाच्या एका बाजूला जुने गावठाण, वाकडे बोळ, मारुतीचा पार. स्टेशनाकडून गावात येणारा एक सरळ रस्ता, बहुतेक ठिकाणी नावही स्टेशन रोडच. त्या रस्त्यालगत अडतीची दुकाने, धर्मशाळा, पुढे जिनिंग-प्रेसिंगच्या चिमण्या. जिथून रुईच्या गठाणी मालधक्क्यावर नेणे सोपे तिथे जिन. रुळापलीकडे वस्ती उशिरा गेली आणि तिच्या पाठोपाठ फाटकाचा त्रास आला. गाडी येण्याआधी फाटक पडले की दोन्ही बाजूंना सायकली, बंड्या, आता ट्रॅक्टर, तुंबून राहतात. हा साचा कोणी कागदावर मंजूर केला नव्हता. तरी दीडशे वर्षांनंतर विकास योजनेचा नकाशा काढायला बसलेल्या माणसाला तो पुसता येत नाही. त्याच्या हातात उड्डाणपूल कुठे टाकायचा एवढेच उरते.

रेल्वेच्या आधी या मुलखात आखणी नव्हती असे नाही. ती भीतीपोटी झालेली होती. अमरावतीच्या परकोटाचे काम पेंढाऱ्यांच्या धाकाने १८०७ मध्ये सुरू झाले. वीस ते सव्वीस फूट उंच, सव्वादोन मैल घेराची भिंत, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. आत सावकार आणि त्यांचा कापूस. जवाहर गेट, नागपुरी गेट, अंबागेट ही नावे रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून आहेत. भिंत बांधणाऱ्याला शहर कुठे संपते हे ठरवावे लागले, आणि ते ठरवणे हे नगररचनेतले पहिले काम. परकोटाच्या आत गर्दी आणि बाहेर मोकळा कॅम्प ही अमरावतीची ठेवण त्या भिंतीतून आली.

परकोट आणि रूळ यांच्याइतकीच, किंबहुना त्याहून टिकाऊ, तिसरी एक गोष्ट रेल्वेच्याच काळात वऱ्हाडात घडली, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. जमिनीची मोजणी. पलीकडे नागपूर प्रांतात मालगुजारी होती. गावचा सारा मालगुजाराने भरायचा. वऱ्हाडात मात्र १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू झाली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, प्रत्येक नंबराचे टिपण. मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणत. साखळीच्या लांबी-रुंदीचा चौकोन म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. मोजणीदार शेतात मधून एक सरळ रेघ धरायचा, शंकूवरून काटकोन काढून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंतचे अंतर घ्यायचा आणि टिपणावर आकडे लिहायचा. टिपण हे पुष्कळदा स्केलवर काढलेले चित्र नसते, आकड्यांनी भरलेली खूण असते. आज भूमी अभिलेख कार्यालयात बांधावरून भांडण आले की शेवटी तेच पिवळे पडलेले टिपण बाहेर निघते.

नगररचना शिकणाऱ्याला हे कोणी पहिल्या वर्षी नीट सांगत नाही. विकास योजनेतला सुबक रंगीत नकाशा त्या टिपणांच्या आणि गावनकाशांच्या अंगावर चढवलेला असतो. आरक्षणाची रेघ कोणत्या सर्व्हे नंबरातून किती गुंठ्यांवरून जाते, यावर एका घराचे भवितव्य अवलंबून असते. वऱ्हाडात त्यात आणखी एक शब्द येतो, ई-क्लास. गावाची सरकारी पडीक, चराईची जमीन. शाळा, दवाखाना, घनकचऱ्याचा डेपो, घरकुले, काहीही करायचे ठरले की तहसील कचेरीत पहिला प्रश्न ‘ई-क्लास कुठं शिल्लक आहे?’ हाच असतो. पुण्या-मुंबईच्या पाठ्यपुस्तकात हा शब्द सापडायचा नाही.

मोजणीच्या पाठोपाठ बाजाराला नियम लागले. १८८६ मध्ये कारंजा इथली कापसाची बाजारपेठ नियमन केलेली पेठ झाली आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा खास कायदा आला. भारतातल्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा इतिहास लिहिणारे सुरुवात इथूनच करतात. बाजाराची हद्द कोणती, बंड्या कुठे उभ्या राहायच्या, वजन कोणी करायचे, हे कायद्याने बांधले गेले. त्याच काळात वऱ्हाडाचा नगरपालिकांचा कायदाही झाला होता, पण घर कुठे बांधायचे आणि रस्ता किती रुंद ठेवायचा याची काळजी कापसाच्या गंजीएवढी कोणी घेतली नाही.

तो प्रश्न ऐरणीवर आणला मुंबईतल्या प्लेगने.

१८९६ च्या पावसाळ्याअखेरीस मांडवीत प्लेग निघाला. दोन वर्षांत, १८९८ मध्ये, मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. हवा खेळावी म्हणून त्याने दाट वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले आणि पुढे दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर आखीव भूखंड पाडले. ट्रस्टचा मार्ग सरळ होता: जमीन सक्तीने घ्यायची, वस्ती पाडायची, पुन्हा आखायची. तो महागही होता आणि बेघर होणारे पुढच्याच गल्लीत जाऊन गर्दी वाढवत. मग सरकारला स्वस्त मार्ग हवा झाला.

१९१४ मध्ये मुंबई सरकारने ‘कन्सल्टिंग सर्व्हेअर’ नावाचे पद निर्माण केले. त्यावर ए. ई. मिरॅम्स आले. पदाचे नाव पाहा: सर्व्हेअर. इंग्लंडमध्ये तेव्हा सर्व्हेअर म्हणजे केवळ मोजणारा नव्हे, मालमत्तेची किंमत ठरवणारा जाणकार. त्या पदाभोवती जे खाते वाढले तेच आजचे महाराष्ट्र शासनाचे नगर रचना आणि मूल्यनिर्धारण खाते. मुख्यालय पुण्यात. नावातले ‘मूल्यनिर्धारण’ अजून गेलेले नाही आणि जाऊही नये, कारण या व्यवसायाचे मूळ तिथेच आहे. आखणीची हौस नंतर आली. जमिनीची किंमत कशी वाढते आणि वाढलेल्या किमतीतला वाटा गावाकडे कसा वळवायचा, हा आधीचा प्रश्न होता.

१९१५ चा मुंबई नगररचना कायदा हे त्याचे उत्तर, देशातला अशा प्रकारचा पहिला कायदा. त्याची कल्पना आजही विद्यार्थ्याला चकित करते. एका भागातल्या सगळ्या मालकांच्या वाकड्यातिकड्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या. त्यातून रस्ते, बाग, शाळेची जागा काढायची. उरलेल्या जमिनीचे चौकोनी ‘अंतिम भूखंड’ पाडून मूळ मालकांना परत द्यायचे. प्रत्येकाची जमीन थोडी घटते, पण रस्त्यावर येते, म्हणून किंमत वाढते. घटलेल्या जमिनीची भरपाई द्यायची आणि वाढलेल्या किमतीतून काही हिस्सा योजनेच्या खर्चाला घ्यायचा. हे हिशेब कोण करणार? सरकार नेमील तो लवाद. म्हणजे या धंद्यातला पहिला मोठा माणूस हातात पेन्सिल घेतलेला चित्रकार नव्हता. मूळ किंमत आणि अंतिम किंमत यांचे तक्ते घेऊन, समोर बसलेल्या मालकांचे ऐकून घेणारा अर्धा न्यायाधीश होता. ‘टीपी स्कीम’ हा शब्द तेव्हापासून रुळला.

याच सुमारास अगदी वेगळ्या वळणाचा एक माणूस हिंदुस्थानात उतरला. पॅट्रिक गेडिस, स्कॉटिश, शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ. शहरांचे नकाशे आणि चित्रे यांचे त्याचे मोठे प्रदर्शन जहाजाने येत होते. ऑक्टोबर १९१४ मध्ये जर्मन युद्धनौका एम्डेनने ते जहाज बुडवले. मित्रांनी नवे साहित्य जमवून पाठवले आणि जानेवारी १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन उभे राहिले. पुढची वर्षे गेडिस गावोगाव हिंडला. नागपूरवरचा त्याचा अहवाल १९१७ मध्ये निघाला. मुंबई इलाख्यातल्या कित्येक गावांवर त्याने टिपणे लिहिली. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या पाडापाडीवर त्याचा राग होता. आधी गाव पायी हिंडा, विहिरी, पार, झाडे, वाडे पाहा, अगदी अडचणीचे तेवढेच घर काढा आणि बाकीचे जगू द्या, असे तो सांगे.

होळकरांच्या इंदुरात त्याने केलेला प्रयोग तर मराठी वाचकाला विशेष भावेल. गावात प्लेग. दरबाराने त्याला एका दिवसापुरता महाराज केले. त्याने दिवाळीची मिरवणूक काढायची ठरवली आणि जाहीर केले की मिरवणूक सर्वांत स्वच्छ, डागडुजी केलेल्या रस्त्यांवरूनच जाईल. घराघरांत साफसफाईची चढाओढ लागली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता, फुले ल्यालेले सफाई कामगार मानाने चालत होते. शेवटी राक्षस जाळला आणि तुळशीची रोपे वाटली. वऱ्हाडी वाचकाला हे वाचताना हातात खराटा घेतलेले गाडगेबाबा आठवल्यावाचून राहणार नाहीत. पण गाडगेबाबांना कोणी दरबारी पद दिले नव्हते, हा फरक सोडायचा नाही.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग काढून तो गेडिसकडे सोपवला. १९२४ पर्यंत तो तिथे होता. नगररचनेची पदवी त्या विभागातून निघाली नाही, निघाले गो. स. घुर्ये, मालवणचे. मुंबई शहरावरच्या त्यांच्या निबंधावर खूश होऊन गेडिसने त्यांची इंग्लंडच्या शिष्यवृत्तीसाठी शिफारस केली, आणि परत आल्यावर घुर्ये याच विभागाचे प्रमुख झाले. भारतीय समाजशास्त्राची एक मोठी शाखा नगररचनेच्या वर्गात उगवली, आणि नगररचना मात्र इंजिनियरांच्या कचेरीत राहिली. मिरॅम्सचा तक्ता आणि गेडिसची पायपीट या दोन वाटा तिथे फाकल्या त्या आजवर पुरत्या जुळलेल्या नाहीत.

आता चांदूरकडे परत येऊ, कारण यातले काहीच तिथे पोहोचले नव्हते. वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हते. १९०३ पासून त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडलेला होता. १९१५ चा कायदा इकडे लागू नव्हता. नागपूरला १९३६ च्या कायद्याने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट मिळाला. वऱ्हाडातल्या गावांसाठी तसे काही नव्हते. स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी जमिनीच्या वापराचे नियमन करणारा एक कायदा झाला. १९५६ च्या १ नोव्हेंबरला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात. आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, हा ११ जानेवारी १९६७ पासून लागू झाला तेव्हा १९४८ चा तो कायदा रद्द झाला. चांदूरच्या रुळावरून पहिली गाडी गेल्याला तेव्हा शंभर वर्षे होत आली होती. गाव वसवणारी रेघ आणि गावाची आखणी करायचा कायदा यांत एका शतकाचे अंतर पडले.

मधल्या काळात एक माणूस मात्र याच मुलखात, सरकारी कागदाबाहेर, गाव कसे वसवावे याचा विचार करत होता. यावलीचे तुकडोजी महाराज. त्यांचा गुरुकुंज मोझरीचा आश्रम आज तिवसा तालुक्यात येतो आणि तो भाग पूर्वी चांदूर तालुक्यातच होता. ‘ग्रामगीते’त ग्रामशुद्धी, ग्रामनिर्माण कला, ग्रामआरोग्य असे अध्यायच आहेत. घरे, रस्ते, सांडपाणी, सार्वजनिक जागा यांचा विचार ओवीत. नियोजनाच्या अभ्यासक्रमात गेडिसवर आख्खे प्रकरण असते, ग्रामगीतेचे नाव क्वचितच. अभ्यासक्रम करणाऱ्यांनी मोझरीचे तिकीट काढले असते तर बरे झाले असते.

हा धंदा शिकायचा कुठे, हा प्रश्न स्वातंत्र्यापर्यंत साताठ हजार किलोमीटर दूर नेई. लिव्हरपूल विद्यापीठात १९०९ पासून नगररचनेचा विभाग होता, लंडनमध्ये १९१४ मध्ये व्यावसायिकांची संस्था निघाली. भारतात हे काम मुख्यतः स्थापत्य अभियंते करत. मुंबई महापालिकेचे अभियंता ना. वि. मोडक यांनी अमेरिकी वास्तुकार आल्बर्ट मेयर यांच्यासह बृहन्मुंबईच्या आराखड्याची रूपरेषा १९४८ मध्ये मांडली. मोडक पेशाने इंजिनियर. तानसा-वैतरणाचे पाणी पिणाऱ्या मुंबईकरांना त्यांचे नाव मोडकसागर धरणामुळे ठाऊक असते.

देशातच शिकण्याची सोय १९४९ मध्ये कलकत्त्याजवळच्या शिबपूरच्या बंगाल इंजिनियरिंग कॉलेजात पदव्युत्तर पदविकेने झाली. १९५१ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स, इंडिया स्थापन झाली. दिल्लीत १९५५ मध्ये सरकारने नगर व ग्राम नियोजनाची शाळा काढली आणि १९५९ मध्ये दिल्ली पॉलिटेक्निकचा वास्तुकला विभाग तिच्यात मिळवून स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर उभी राहिली. अहमदाबादच्या संस्थेत, आज जी सेप्ट म्हणून ओळखली जाते, नियोजनाची शाळा १९७२ मध्ये आली. वऱ्हाडच्या सर्वांत जवळ आले ते नागपूर. १९६० मध्ये विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, आताचे व्हीएनआयटी. तिथे नागरी नियोजनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळू लागले. चांदूरहून नागपूर म्हणजे एका पॅसेंजरचा प्रवास. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात तर आज पदवीपासूनच नियोजन शिकता येते.

पण महाविद्यालयाचा दरवाजा हा एकच दरवाजा कधीच नव्हता, आणि छोट्या गावच्या मुलांसाठी तो पहिलाही नव्हता. नगर रचना खात्याची उतरंड खालून पाहिली तर तळाशी अनुरेखक असतो, इंग्रजीत ट्रेसर. मग रचना सहायक, सहायक नगर रचनाकार, नगर रचनाकार, सहायक संचालक, उपसंचालक, सहसंचालक आणि वर पुण्याला संचालक. संगणक येण्याआधीच्या दिवसांत अनुरेखकाचे काम म्हणजे निळसर मेणचट ट्रेसिंग क्लॉथ मूळ नकाशावर ताणून, चारी कोपऱ्यांना टाचण्या मारून, काळ्या शाईच्या पेनने रेघ उमटवणे. रेघ जाड झाली तर ब्लेडने हलके खरवडायची, कापड फाटू द्यायचे नाही. मग त्यावरून अमोनियाच्या वासाच्या छापील प्रती निघत, त्यांवर हाताने रंग भरत. निवासी पिवळा, व्यापारी निळा, उद्योग जांभळा, मोकळ्या जागा हिरव्या. आयटीआयमधून आरेखक किंवा सर्व्हेअरचा कोर्स करून, अमरावतीच्या शासकीय तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन पोरे या टेबलावर बसत. त्यांतली जिद्दीची पोरे नोकरी सांभाळून इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्सची असोसिएटशिप परीक्षा देत आणि वर सरकत. ही परीक्षा आजही होते. वर्गात न बसता नगररचनाकार होण्याची वाट तिने मोकळी ठेवली.

चांदूरसारख्या ‘क’ वर्ग नगर परिषदेकडे आराखडा करायला स्वतःचे मनुष्यबळ नसते. काम नगर रचना खात्याच्या जिल्हा शाखेकडे किंवा खास पथकाकडे जाते. कायद्याच्या पायऱ्या अशा: आधी योजना करण्याचा इरादा जाहीर करायचा. मग गावातल्या प्रत्येक जागेचा सध्याचा वापर पायी फिरून नोंदवायचा, म्हणजे विद्यमान जमीन वापर नकाशा. गेडिसची पायपीट कायद्यात शिरली ती इथे. मग प्रारूप योजना प्रसिद्ध होते, लोक हरकती-सूचना देतात, नियोजन समिती एकेकाला बोलावून ऐकते, शेवटी शासन मंजुरी देते. आणि किमान दर वीस वर्षांनी सगळे पुन्हा.

हरकतींच्या सुनावणीत या धंद्याचा खरा चेहरा दिसतो. कोणाच्या दोन एकरांवर क्रीडांगणाचे आरक्षण पडलेले असते. कोणाच्या घराच्या ओसरीतून विकास योजनेतला ‘डीपी रोड’ गेलेला असतो आणि तो तीन मीटर सरकवा म्हणून अर्ज येतो. कोणी जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, न करताच ले-आउट पाडून पलाट विकलेले असतात आणि पलाट घेणारे शिक्षक, पोलीस, एसटीचे कंडक्टर रांगेत उभे असतात. मंजूर आरक्षणाची जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली गेली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण संपते. छोट्या नगर परिषदांकडे पैसा नसतो. त्यामुळे नकाशावरच्या हिरव्या चौकोनांपैकी कित्येक कधी बाग होतच नाहीत. हा दोष रेघेचा नाही. १९१५ च्या लोकांनी किमतीतून पैसा उभा करायची जी युक्ती काढली होती ती महाराष्ट्राने पुढे जवळजवळ बासनात बांधून ठेवली, गुजरातने चालू ठेवली. अहमदाबादची टीपी स्कीम पाहायला आज महाराष्ट्रातले विद्यार्थी सहलीला जातात, हा थोडा गमतीचा आणि बराच लाजेचा भाग.

ती युक्ती अचानक चांदूर तालुक्याच्या बांधावर येऊन उभी राहिली ती समृद्धी महामार्गामुळे. मुंबई–नागपूर असा ७०१ किलोमीटरचा हा रस्ता अमरावती जिल्ह्यात धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर या तीन तालुक्यांतून जातो. नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये. सुरुवातीला सरकारने कास्तकारांपुढे लँड पूलिंग ठेवले होते: जमीन द्या, बदल्यात कृषी समृद्धी नगरात विकसित भूखंड घ्या आणि दहा वर्षे वार्षिक रक्कम घ्या. म्हणजे मिरॅम्सच्या काळचीच कल्पना, नव्या नावाने. राज्यभर कास्तकारांनी ती फारशी मानली नाही. न वसलेल्या शहरातल्या भूखंडापेक्षा हातातला चेक बरा, हा त्यांचा हिशेब. सरकारला थेट खरेदीवर यावे लागले आणि बहुतेक जमीन तशीच घेतली गेली. १८६७ च्या रेघेला कोणी विचारले नव्हते, या रेघेला वाटाघाटी कराव्या लागल्या. फरक एवढा पडला, हे कमी नाही.

आज या धंद्यात शिरणाऱ्यापुढे परीक्षांची नावे बदलली आहेत. पदवीसाठी जेईई मेनचा पेपर २-बी. त्यात गणित आणि कलचाचणीच्या जोडीला नियोजनावरचे प्रश्न असतात. पदव्युत्तरसाठी गेटचा आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग पेपर. खात्यात वरच्या पदांसाठी लोकसेवा आयोग. नीती आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये नगर नियोजनावर अहवाल दिला. राज्यांच्या नियोजन खात्यांत बारा हजारांहून अधिक नगररचनाकार हवेत, मंजूर पदे चार हजारांहूनही कमी, आणि त्यांतलीही जवळजवळ निम्मी रिकामी, असे तो सांगतो. देशातल्या सुमारे आठ हजार नागरी वस्त्यांपैकी ६५ टक्क्यांना कोणताच आराखडा नाही. काही राज्यांत तर नगररचनाकाराच्या पदाला नगररचनेची पदवी आवश्यकच नाही, असेही त्यात आहे. म्हणजे चांदूरच्या घरातला ‘इंजिनियर की आर्किटेक्ट’ हा प्रश्न दिल्लीतही सुटलेला नाही.

तयारी करणाऱ्याने काय वाचावे याच्या याद्या कोचिंगवाले देतात. त्यांत सातबारा वाचायला शिकणे बसत नाही. टिपण, फाळणी, ‘क’ प्रत, आखीव पत्रिका हे कागद कसे दिसतात, गावठाणात सिटी सर्व्हे झाला आहे की नाही, हे भूमी अभिलेख कार्यालयात एक दुपार बसले की कळते. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळता राज्यभर एकच विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यातला रस्त्याच्या रुंदीचा तक्ता घेऊन आपल्याच गल्लीत टेप धरून उभे राहिले तर पहिल्या सत्राचा निम्मा अभ्यास होतो. आणि दुय्यम निबंधक कार्यालयात पलाटाची खरेदी नोंदवताना ज्या रेडी रेकनरच्या दराने मुद्रांक शुल्क आकारतात, ते वार्षिक दर ठरवायचे काम याच खात्याची मूल्यनिर्धारण शाखा करते. चांदुरातल्या बहुतेकांची नगररचनाकाराशी पहिली गाठ नकाशावर पडत नाही, त्या दरपत्रकावर पडते.